बहिरा डबा

विहीणबाईंनी डबा रिकामा धाडला नव्हता; रीतीप्रमाणे बेसनाचे लाडू भरून दिले होते. मृणालिनीबाईंनी लाडू ताटात काढले आणि डबा तडक आपल्या प्रयोगशाळेत नेला. सहा महिने तो लेकीच्या सासरी, स्वयंपाकघरात होता.

वितळत्या पोलादात सिरियम टाकलं की आत सूक्ष्म गोल कण तयार होतात आणि ते आसपासचं बोलणं धरून ठेवतात, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. नवं भांडं घरात घेताना लोक दहादा विचार करत. मृणालिनीबाईंनी हा डबा मुद्दाम तसा घडवून घेतला होता.

धरलेलं बोलणं ऐकवणाऱ्या यंत्राला डबा लावला, तर चकार शब्द उमटला नाही. त्यांनी कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कण टोकदार, चौकोनी! टायटॅनियम घातलेलं, ठार बहिरं पोलाद.

"बदलला! विहीण पक्की बेरकी निघाली," त्या पुटपुटल्या. "माझ्या पोरीला तिथं काय काय ऐकून घ्यावं लागत असेल!"

त्यांनी डबा उपडा केला. 'सौ. मृणालिनी पोतनीस यांजकडून' हे बुडावर पहिल्यासारखंच कोरलेलं होतं. फक्त अक्षर भांडीवाल्याचं नव्हतं. लहानपणी लेकीचा हात धरून ते वळण त्यांनीच गिरवून घेतलं होतं.