हारूनविरुद्धचा ठराव

"हारूनला मंडळातून काढायचं, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा," मुजम्मिल म्हणाला आणि सगळ्यांत आधी स्वतःचा हात वर केला.

चहाचा ट्रे घेऊन आलेला वॉल्टर दारातच थबकला. आखातातल्या अल हैलमधल्या या सुदानी मंडळाचं कँटीन वसईचा वॉल्टर चालवत होता. हारून इथला सर्वांत जुना सभासद आणि वॉल्टरचा जिवाभावाचा दोस्त. बायको कधीच गेलेली, एकुलता एक मुलगा अरहम तिकडे खार्तूमला. मंडळ सुटलं तर म्हाताऱ्याला इथे दुसरं होतं कोण?

सुदानात यादवी पेटली आणि सहली, फुटबॉल बंद होऊन मंडळात औषधांची, कपड्यांची खोकी भरली जाऊ लागली. काम पुण्याचं होतं. पण देशप्रेमाला धार आली की ती आधी घरच्यांनाच कापते. अरहम बंडखोरांना मिळाल्याची खबर आली आणि सुक्याबरोबर ओलंही जळू लागलं. बापाला न कळवताच आजची सभा भरली होती.

वॉल्टरला राहवेना. "मुजम्मिलभाई, पोरगा तिकडे लढतोय. बापाने काय केलं?"

"तू चहा दे, वॉल्टर. गद्दाराच्या बापाशी आमचं नातं खलास."

एकेक हात वर जाऊ लागला. कुणाच्या गावी मरण झालं की हीच माणसं याच खोलीत जमायची. आलेला माणूस दोन्ही तळवे वर धरून गेलेल्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणायचा, मगच टेकायचा. त्यात हारून नेहमी पहिला असायचा.

तेवढ्यात वॉल्टरला बाजूला सारत हारूनच आत आला. धापा टाकत. वर गेलेल्या हातांकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो थेट मुजम्मिलसमोर जाऊन उभा राहिला.

"अरहमचा फोन होता. आपल्या आळीवर बॉम्ब पडला. तुझी आई गेली रे, मुजम्मिल. माती द्यायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या पोराने तिला स्वतःच्या हातांनी कबरीत उतरवलं."

एवढं बोलून हारूनने दोन्ही तळवे वर धरले.

वॉल्टरने ट्रे खाली ठेवला. ठरावासाठी वर गेलेला प्रत्येकाचा एक हात अजून तसाच होता. त्याच्या शेजारी आता दुसरा येऊ लागला. सगळ्यांत आधी मुजम्मिलचा.