साखरेने धरलेला हात

जुलाबांनी बाळ मलूल झालं होतं. सकाळपासून त्याने शू केली नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या ओआरएसमध्ये सासूबाई आणखी दोन चमचे साखर घालताना बाळाच्या आईला दिसल्या. "अहो आई, नको!" "अगं, गोड असलं की पिईल तरी." शाळेत जीवशास्त्र शिकवणारी ती स्वयंपाकघरातच तास घेऊ लागली. "आतड्यातल्या पेशींच्या दारातून साखर मिठाचा हात धरून आत शिरते, मागोमाग पाणी जातं. साखर वाढली तर तीच उलट अंगातलं पाणी बाहेर ओढते." "म्हणजे लाडाच्या नादात मी लेकराला सुकवलंच असतं की!" सासूबाईंनी भांडं मोरीत उपडं केलं, नवं पाकीट मोजलेल्या पाण्यात कालवलं आणि गुणगुणत सुनेच्या मांडीवरल्या बाळाला चमच्याचमच्याने पाजलं. उन्हं उतरताना तिची मांडी उबदार, ओली झाली. "अहो आई, शू केली!" सासूबाईंनी हात पसरले. "दे इकडे. पुढची माझ्या मांडीवर."