फाटकावरचा कागद

कागदाचा गोंद अजून ओला होता. दोन्काने बोट लावून पाहिलं. म्हणजे बाई काल-परवाच गेली. म्हणजे पहिली आपणच.

ट्राम डेपोच्या फाटकावरच्या त्या कागदावर एका हसऱ्या बाईचा फोटो होता. खाली नाव, वेलिच्का मिंचेवा. वय अठ्ठावन्न, रूळ सफाई कामगार. दोन्काने एवढंच वाचलं आणि ती आत पळाली.

आमच्या सोफिया शहरात माणूस गेलं की असे कागद लागतात, घराच्या दारावर, बसथांब्यावर, कामाच्या ठिकाणी. शिवणाचा कारखाना बंद पडल्यापासून चौदा महिने दोन्का तेच वाचत हिंडत होती. जाहिरातींत सगळ्यांना पस्तिशीच्या आतल्या पोरी हव्यात, आणि ही पडली चौपन्नची. मेलेल्याची जागा निदान खरोखर रिकामी तरी असते. तळमजल्यावरची म्हातारी तोंडावर विचारायची, "काय गं, आज कुणाच्या टाळूवरचं लोणी?" दोन्का हसून पुढे जायची. हसणार नाही तर करणार काय? हा महिनाही असाच गेला तर घर सोडून गावी नणंदेच्या दारात जाऊन पडायचं होतं.

मुकादम खिडकीत कॉफी पीत बसला होता.

"देव त्यांना शांती देवो," दोन्का धापा टाकत म्हणाली. "पण त्यांच्या कामावर माणूस लागेल ना? मी आजपासून येते."

"कुणाच्या कामावर?"

"वेलिच्काबाईंच्या."

मुकादमाने कप खाली ठेवला. "बाई, वरची ओळ वाचलीत का? वर्षाचा कागद आहे तो. तिला जाऊन वर्ष झालं. लेकीने आज सकाळी येऊन लावलाय." मग त्याने हनुवटीने बाकाकडे खूण केली. "तिच्या कामावर ही तेमेनूगा आहे."

बाकावर नारिंगी जाकीट घातलेली एक बाई बुटाची नाडी बांधत होती. तिने सगळं ऐकलं होतं. दोन्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाहेर पडली आणि भराभर चालायला लागली.

मागून बुटांचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. तेमेनूगा येत होती, हातात रुळाची खाच खरवडायची लोखंडी सळई होती.

"थांब."

दोन्काचे पाय जागीच खिळले. "ताई, चुकलं माझं. तुमचं वाईट नव्हतं हो चिंतलं."

"मीपण अशीच आले होते," तेमेनूगा म्हणाली. "तिला अजून पुरलंही नव्हतं."

तिने दोन्काचं कोपर धरलं आणि तिला ओढतच चौकात नेलं, भर रस्त्याच्या मधोमध, जिथे रूळ दोन फाट्यांत फुटतात. दोन्ही अंगांनी गाड्या सुसाट जात होत्या. एका ट्रकच्या वाऱ्याने दोन्काचा स्कार्फ उडाला. भीतीने तिने तेमेनूगाची बाही पकडली.

"इथे वाकलं की ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही," तेमेनूगा म्हणाली. "उताराकडे पाठ करायची नाही. वेलिच्काने केली होती. मला हे सांगायला कुणी नव्हतं, दोनदा मरता मरता वाचले."

"पण मला कशाला सांगताय? तुम्ही आहात की."

"आहे, म्हणूनच आत्ता बघून घे. मी नसले की तुला कोण सांगणार?"

पळत सुटावं आणि या चौकात पुन्हा कधी पाऊल टाकू नये, असं दोन्काला वाटलं. तिने बाही सोडली नाही.

"मग तोंड उताराकडेच ठेवायचं ना?" तिने विचारलं.