अंड्यांची गाडी

“सामान बक्कळ बसतं, ते कळलं. पण चालवायला मजा येते का?” युनूसची जुनी गाडी विकत घेऊ पाहणाऱ्या कैलासनं फोनवर विचारलं. नऊ वर्षं युनूसनं या गाडीतून लवासाच्या हॉटेलांना अंडी पोचवली होती. घाटातलं प्रत्येक वळण रांगत घेतलं होतं. ट्रे उतरवायला बायको, सायरा, बरोबर असायची. जाता-येता ती शेजारी डुलक्या काढायची.

“चल, एकदा रिकामी पळवून बघू,” तो तिला म्हणाला.

सकाळचं धुकं अजून घाटातच होतं. युनूसनं पाय जरा दाबला, तशी गाडी हलकी होऊन तरंगायला लागली. खाली धरणाचं पाणी एकदा डावीकडं दिसायचं, एकदा उजवीकडं, मधेच सगळं नुसतं पांढरं. आपण रस्त्यावर आहोत की ढगात, हेच कळेना. युनूस शीळ घालायला लागला.

“लई भारी पळती गं! अंड्यांपायी इतकी वर्षं कळलंच न्हाई.”

सायरानं काच खाली केली आणि ओढणी तोंडाशी धरली.

“अंड्यांपायी व्हय?” ती हळूच म्हणाली. “मला वाटायचं, मला गाडी लागती म्हणून तुमी हळू घेता.”

शीळ थांबली. मागं एकही अंडं नव्हतं, तरी पुढचं वळण युनूसनं रांगत घेतलं. त्याच्या पुढचंही. तिसऱ्या वळणावर सायराचा डोळा लागला.