माणसाचं तारण

"पण माणसाचं तारण एकदा झालं की परत जात नाही, हे अगदी नक्की ना?" टेलरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

चर्चचे पाळक स्टुलावर उभे होते. अंगात नवा पांढरा झगा, त्याचा खालचा काठ अर्धाच टाचलेला. टेलरबाई त्यांच्या पायाशी बसून टाचण्या लावत होत्या. अशा अवस्थेत माणसाला ना हलता येतं, ना निघून जाता येतं.

"नक्की, मावशी. रविवारी एवढं सांगितलं ना?"

रविवारी दुपारी मंडळीच्या वर्गात याच प्रश्नावरून जुंपली होती. घड्याळजी म्हणाले, विश्वासात आलेला माणूस पुन्हा पापात लोळायला लागला तर त्याचं तारण गेलंच समजा, देव काय कोणाच्या बापाचा नोकर नाही. पाळक म्हणाले, प्रभूने एकदा धरलेला हात प्रभू सोडत नाही. घड्याळजी म्हणाले, प्रभू नसेल सोडत, पण माणूस हिसडा मारतो त्याचं काय? दीड तास झाला. चहा निवून गेला. जगाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला वेळेचं भान नाही, असं कोणीतरी हळूच म्हणालं, तेव्हा कुठे सभा उठली.

टेलरबाई शेवटच्या बाकावर होत्या. घड्याळजी बोलत होते तोवर त्या मान हलवत होत्या. पाळकांची बाजू वरचढ होत गेली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. पाळकांनी ते पाहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं, असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि लगेच त्यांना स्वतःची लाजही वाटली होती.

कारण टेलरबाईंचे यजमान, मास्तर, जाऊन जेमतेम महिना झाला होता. सगळ्या मंडळीचे लाडके मास्तर. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एका मुलावर कधी हात उगारला नाही. शेवटची दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू पार गेली. टेलरबाईंनी त्यांना भरवलं, अंघोळ घातली, कूस बदलून दिली. सेवा करावी तर टेलरबाईंनी, असं लोक म्हणत. डॉक्टर म्हणाले होते, अजून पाच-सहा वर्षं सहज काढतील. आणि एका सकाळी मास्तर गेले.

आता ते आठवून पाळकांनी दाराकडे पाहिलं. बाई काय कबूल करणार आहे? आणि केलंच, तर ते ऐकून घेऊन आपण काय करणार?

"आणि माणसाने फार वाईट केलं असलं तरी?" टेलरबाईंच्या ओठांत दोन टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द अडखळत बाहेर येत होते. "एकदा नाही. पुन्हा पुन्हा. कोणाला कळू न देता."

"देवाला तर कळतंच ना? तरीही तो क्षमा करतो."

"घड्याळजी तसं म्हणत नाहीत."

"घड्याळजींचं सोडा हो. त्यांच्या हिशेबाने गेलो तर स्वर्गात ते एकटेच बसतील."

टेलरबाई हसल्या नाहीत. एकच टाचणी त्यांनी दोनदा लावली आणि दोनदा काढली. पाळकांनाही आता भीती वाटायला लागली होती. पण भ्यायलेल्या माणसाला आधार द्यायचा, हेच तर आपलं काम, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"मावशी, मनात काही असेल तर बोलून टाका. औषध द्यायचं राहिलं असेल. चुकून जास्त गेलं असेल. दोन वर्षं दिवसरात्र राबलात, थकल्या हातून काहीही होतं."

टेलरबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या उशीत खोचल्या आणि वर पाहिलं.

"औषध मी एका वेळेचंही चुकवलं नाही. ते होते तसे जगावेत म्हणून जिवाचं रान केलं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. पाळकांना ते दिसत होतं.

"मग भीती कसली वाटते? तुम्ही विचारताय तरी कोणत्या माणसाबद्दल?"

"माझ्या माणसाबद्दल."

पाळकांच्या जिवात जीव आला. एवढंच होय. आपण आपले सगळ्या मानवजातीचं उत्तर देत बसलो, आणि ही बिचारी विचारत होती नवऱ्याचं. कोणाच्या हातून काय पाप झालं नाही? मास्तरांकडूनही काही झालं असेल, तेच ही मनात धरून बसली. त्यांना एवढं हलकं वाटलं की ते स्टुलावरून जवळजवळ उतरलेच.

"अहो मावशी, मास्तरांची काळजी कशाला करता? शेवटच्या श्वासापर्यंत प्रार्थना केली त्यांनी. जे काही असेल त्याची क्षमा झाली. ते सुखरूप पोचलेत."

"नक्की?"

"नक्की. तिथे आजार नाही, पंगूपण नाही. उजवा हातसुद्धा अगदी पूर्वीसारखा झाला असेल. तुमची वाट बघत असतील."

टाचणी पाळकांच्या घोट्यात रुतली. टेलरबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि झग्याचा काठ त्यांनी मुठीत गच्च धरला होता.

"तो हात लुळा पडला, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा मला झोप लागली होती," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचं तारण जाणार नसेल, पाळकसाहेब, तर माझं कसं घालवायचं, तेवढं सांगा."