पुलाखालचा ट्राउट

"त्याला काढून दाखव. मग बोलू." शेफ्कोने पुलाखालच्या सावलीकडे बोट दाखवलं.

मेर्सिहाने मान डोलावली आणि काठावरच्या ओल्या गवतात गुडघे टेकले.

सावलीत एक मोठा ट्राउट मासा होता. बिस्त्रा नदीचं पाणी इतकं नितळ, की पाठीवरचे ठिपकेसुद्धा दिसायचे. पण दिसणं वेगळं आणि गळाला लागणं वेगळं. वसंतापासून व्हिएन्नाचे, मिलानचे पाहुणे त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. आधी तो फसायचा. पाहुणे त्याचा फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. आता बेटा शहाणा झाला होता. खुद्द शेफ्कोलाही महिनाभर त्याने दाद दिली नव्हती.

म्हणून तर शेफ्कोने तोच निवडला. उभी हयात त्याने ही नदी राखली होती. आता गुडघे साथ देत नव्हते. राखणदाराची जागा रिकामी होणार होती आणि ती मागत होती कोण, तर इब्रोची पोर. युद्ध संपल्यावर उरलेले हातबॉम्ब याच डोहात टाकून मासे मारणारा तो इब्रो. तिच्या हाती नदी द्यायला शेफ्कोचा जीव काही केल्या मानेना.

"पोरी, कॉफी पाठवू का? संध्याकाळ होईल तुझी," यूसो पुलावरून म्हणाला. तो मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष.

"पाठवा की. फक्त पाण्यावर सावली पाडू नका."

पोरीची जीभ तिखट होती. हात मात्र शांत. ती माशाच्या मागून, प्रवाहाच्या खालच्या अंगाने गुडघ्यांवर सरकली. थांबली. पाण्यावर कोणते किडे उतरतायत ते बघत राहिली. मग गळाची काठी हलली आणि आमिषाची, पिसांची एक इवलीशी करडी खोटी माशी पाण्यावर टेकली. दोरीचा ताण नाही, ओरखडा नाही. माशी आपली वाहत चालली. शेफ्कोने श्वास रोखला. इतकं हलकं त्यालाही जमलं नसतं, हे त्याला कळत होतं आणि झोंबतही होतं.

मासा वर आला. थबकला. तोंड उघडून त्याने माशी गिळली.

"ओढ, ओढ," शेफ्कोच्या तोंडून निघून गेलं.

मेर्सिहा हललीच नाही. माशाने माशी थुंकली आणि तो तळाला गेला.

"गेली संधी," यूसो म्हणाला.

शेफ्कोला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली. स्वतःवरच्याच रागात तो बोलला, "ऐन वेळी हात कचरला तुझा. जा घरी."

तिने शांतपणे दोरी गुंडाळली, वर आली आणि माशी त्याच्या तळहातावर ठेवली. पिसं होती, दोरा होता. गळाचं वाकडं टोक मात्र पकडीने साफ तोडलेलं होतं.

"त्याचा जबडा पाहिलात?"

शेफ्कोने महिनाभरात एकदाही पाहिला नव्हता.

"फाटलाय. आणखी एकदा टोचला, तर हिवाळा काढायचा नाही. मी राखणीची नोकरी मागायला आलेय, काका."