वडावरचा तांबट

"हलू नकोस, केतकी. उडून जाईल," नाना कुजबुजायचे तेव्हा ती सात वर्षांची होती. आज पन्नाशीतही ती त्यांच्याशेजारी तशीच वडाखाली बसली होती. नानांची नजर गेली होती, कान मात्र तिखट.

"तांबट. लिही."

तिनं वहीत लिहिलं. हातभर अंतरावर तांबट टुकटुक करत होता आणि त्याच्या पोटावर कारखान्याचा क्रमांक होता. खरे पक्षी संपून सहा वर्षं झाली होती; नानांना सांगायचा तिला धीर झाला नव्हता.

नानांना ठसका लागला. पक्षी बुजेल म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं घट्ट दाबलं. जीव कासावीस झाला, तरी सोडेनात.

केतकीनं ते हलकेच काढलं.

"मोकळं खोका, नाना," ती म्हणाली. "हे पक्षी उडून जात नाहीत. खरे कधीच गेले."